खाजगी वर्तन आणि सरकारची मर्यादा : स्वातंत्र्यवादाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील वाचक पत्रांतून आणि व्याख्यानांनंतरच्या चर्चांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे शक्यतो त्यांच्याच शब्दांत दिले आहेत. उत्तरे स्वातंत्र्यवादी भूमिकेतून लिहिली आहेत. जेथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो, तेथे पुनरुक्ती न करता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्वातंत्र्यवाद म्हणजे थोडक्यात काय?

प्रौढ माणसाचे शरीर, त्याचे मन, त्याचा वेळ आणि त्याने कष्टाने मिळवलेली मालमत्ता यांवर पहिला अधिकार त्याचा स्वतःचा आहे. तो दुसऱ्यावर बळजबरी करत असेल, दुसऱ्याला फसवत असेल किंवा इजा पोहोचवत असेल, तरच त्याच्यावर सक्ती करणे योग्य ठरते, ही या विचाराची मूळ भूमिका आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये हे तत्त्व स्पष्टपणे मांडले. एखाद्याचे स्वतःचे भले व्हावे, एवढे कारण त्याच्यावर सक्ती करण्यास पुरत नाही. त्याला समजावता येते, विनवता येते, त्याच्याशी कडाक्याचे भांडणही करता येते. मात्र त्याच्या भल्यासाठी त्याच्या दारात पोलीस पाठवता येत नाहीत. प्रत्येक कायद्याच्या शेवटी दंड, अटक आणि तुरुंग उभे असतात, हे ध्यानात ठेवले म्हणजे ‘यावर कायदाच केला पाहिजे’ हे वाक्य किती जपून उच्चारायला हवे, ते कळते.

२. म्हणजे सरकारच नको, असे तुमचे म्हणणे आहे का?

नाही. चोरी, मारहाण, फसवणूक आणि करारभंग यांपासून संरक्षण देणारे पोलीस आणि न्यायालये स्वातंत्र्यवाद्यांपैकी बहुतेकांना हवीच असतात, आणि ती आजच्यापेक्षा अधिक सक्षम हवी असतात. ज्याचा बांध शेजाऱ्याने कोरला आहे, त्या शेतकऱ्याला निकालासाठी वर्षानुवर्षे तालुक्याच्या खेपा घालाव्या लागतात, आणि तेच सरकार कोणी काय खावे व कोणाशी लग्न करावे यात मात्र तत्परतेने लक्ष घालते, हा क्रम उलटा व्हावा अशी मागणी आहे.

३. हा विचार परदेशातून आलेला आहे. आपल्या मातीत तो कसा रुजणार?

मराठी समाजाने हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्या भाषेत घातलेला आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी व्यक्तीचा विवेक रूढीच्या वर ठेवला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून संततिनियमन आणि लैंगिक जीवनाविषयी निर्भीडपणे लिहिले, त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले, आणि त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. त्याच आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले की, मसुद्याने खेड्याला नव्हे तर व्यक्तीला घटक मानले याचा आपल्याला आनंद आहे. आर्थिक बाजूने पाहिले तर १९५९ मध्ये स्थापन झालेला राजाजींचा (चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचा) ‘स्वतंत्र पक्ष’ आणि पुढे शरद जोशी यांची शेतकरी संघटना यांनी हा विचार शेतापर्यंत नेला (प्रश्न १३ पाहा). आंबेडकर आर्थिक बाबतीत स्वातंत्र्यवादी नव्हते, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण माणूस आधी आणि त्याचे गाव, जात व कुटुंब नंतर, हे त्यांचे सूत्र या विचाराचा कणा आहे.

४. राज्यघटना या बाबतीत कोणाच्या बाजूची आहे?

दोन्ही बाजूंना आधार सापडेल अशी तिची रचना आहे. कलम १९ आणि २१ व्यक्तीला स्वातंत्र्य देतात, कलम १९ मध्येच ‘वाजवी निर्बंधां’ना वाव ठेवला आहे, आणि कलम ४७ राज्याला मादक पेयांच्या बंदीच्या दिशेने जाण्यास सांगते, जरी ते मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे न्यायालयामार्फत बजावून घेता येत नाही. मोठे वळण २४ ऑगस्ट २०१७ रोजी आले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला. तेव्हापासून सरकारला खाजगी जीवनात हात घालायचा असेल तर त्यासाठी कायदा असावा लागतो, हेतू रास्त असावा लागतो, आणि उपाय त्या हेतूच्या मानाने अवाजवी नसावा लागतो. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग आणि व्यभिचाराचा गुन्हा हे दोन्ही रद्द झाले.

५. ‘इजा’ कशाला म्हणायचे? कोणाच्या वागण्याने आमच्या भावना दुखावल्या तर ती इजा नाही का?

शरीराला, मालमत्तेला, करारातून मिळालेल्या हक्काला किंवा मुक्तपणे वावरण्याला बाधा आली तर ती इजा. दुसरा काय खातो, कोणता देव मानतो किंवा मानत नाही, कोणाबरोबर राहतो, हे कळल्यामुळे मनाला होणारा त्रास खरा असू शकतो, पण त्यावर सरकारी उपाय मागता येत नाही. तो मान्य केला तर ज्याच्या भावना सर्वांत लवकर दुखावतात त्याच्या हाती सर्वांच्या जीवनाची दोरी जाईल.

महाराष्ट्रातील गोवंश हत्याबंदीचा खटला येथे उपयोगी आहे. २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस केवळ जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले होते. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये कत्तलीवरील बंदी कायम ठेवली, पण बाळगण्याविषयीचे हे कलम खाजगीपणाच्या हक्काच्या आधारे रद्द केले. कत्तलीवरील बंदीही आम्हाला मान्य नाही. भाकड बैलाचे काय करायचे हे त्याला सांभाळणाऱ्या शेतकऱ्याने ठरवावे.

६. मग लग्नाच्या वरातीतील डीजेवर बंदी घालणेही चूक का?

नाही, हे उदाहरण उलट बाजूचे आहे. आवाज शेजाऱ्याच्या घरात शिरतो. त्या घरात आजारी म्हातारी असेल, परीक्षेचा अभ्यास करणारे मूल असेल. त्यांनी संमती दिलेली नसते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला सर्वसाधारणपणे मनाई आहे. हे नियम स्वातंत्र्यवादाशी सुसंगत आहेत. ते वरात कोणाची, मिरवणूक कोणत्या धर्माची, हे पाहून लावले जातात तेव्हा मात्र ते नियम राहत नाहीत.

७. दारूबंदीला तुमचा विरोध का? नवरा पितो आणि मार बायको-मुले खातात, ही दुसऱ्याला झालेली इजा नव्हे का?

सर्वाधिक वेळा येणारा आणि सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे. शहादा परिसरात १९७२ पासून श्रमिक संघटनेच्या चळवळीत भिल्ल स्त्रियांनी गावोगावी दारूचे अड्डे उद्ध्वस्त केले, कारण मजुरीचा पैसा गुत्त्यात जात होता आणि रात्री मारहाण होत होती. त्या स्त्रियांच्या अनुभवापुढे कोणतेही तत्त्वज्ञान हलक्या आवाजातच मांडावे लागेल.

त्यांच्या तक्रारीत खरे तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मारहाण आणि पोटाला न देणे या इजा आहेत, आणि त्यांवर सरकारने तत्काळ व कठोरपणे हस्तक्षेप करावा असेच आमचे म्हणणे आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण, घरात राहण्याचा हक्क आणि आर्थिक छळाविरुद्ध दाद या तिन्हींची तरतूद आहे. पिणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे, कारण पिणारे सगळे मारत नाहीत आणि मारणारे सगळे पिऊनच मारतात असे नाही. बंदीचा कायदा दोघांना एकाच मापाने मोजतो. त्यात मारणाऱ्याला एक सोयीची सबबही मिळते की दोष बाटलीचा होता.

बंदीचा अनुभव काय सांगतो, हे पाहण्यासाठी खान्देशाला दूर जावे लागत नाही. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा दोन्ही राज्यांना वारशाने मिळाला. महाराष्ट्रात त्याखाली परवान्याने दारू मिळते, गुजरातमध्ये मोजके अपवाद सोडले तर मिळत नाही. एकाच फलाटावर पन्नास पावले चालल्यावर तोच माणूस, तीच बाटली आणि मूळचा तोच कायदा असताना गुन्हा घडतो. गुजरातमध्ये दारू थांबली का? जुलै २००९ मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. बंदी नसलेल्या मुंबईतही जून २०१५ मध्ये मालवणीत तितक्याच मोठ्या संख्येने लोक मेले, हेही सांगितले पाहिजे; तेव्हा एकट्या बंदीला दोष देता येत नाही. गरिबाला परवडणारी कायदेशीर दारू मिळाली नाही की हातभट्टी तिची जागा घेते, मग दारू कायद्याने अडवलेली असो वा करांनी महाग केलेली. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू केलेली बंदी सरकारनेच २०२१ मध्ये उठवली.

स्त्रीच्या हाती साधन आले तर बंदीपेक्षा अधिक होते, असे आमचे मत आहे. शरद जोशी यांच्या ‘लक्ष्मी मुक्ती’ कार्यक्रमात शेतकऱ्यांनी स्वेच्छेने पत्नीच्या नावे जमीन केली. ज्या घरात सातबाऱ्यावर बाईचे नाव आहे, तेथे गुत्त्यासाठी जमीन गहाण पडणे सोपे राहत नाही.

८. गावातील महिलांनीच मतदान करून बाटली आडवी केली, तर ते लोकांचे स्वातंत्र्य नव्हे का?

स्त्रियांच्या मागणीवरून गुप्त मतदान घेऊन गावातील परवानाधारक दुकान बंद करण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. अनुसूचित क्षेत्रांत, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा यांसारख्या तालुक्यांत, १९९६ च्या पेसा कायद्यामुळे ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री आणि सेवन या दोन्हींवर नियंत्रणाचा अधिकार मिळतो.

आमच्यात यावर मतभेद आहेत. आमच्या मते दुकान कोठे असावे, शाळेपासून किती दूर असावे, हे गावाने ठरवणे रास्त आहे, कारण दुकानासमोरच्या गर्दीचा त्रास सर्वांना होतो. घरात बसून कोणी काय प्यावे, हे बहुमताने ठरवता येत नाही. मंत्रालयापेक्षा ग्रामसभा माणसाच्या जवळ आहे आणि म्हणून तिची चूक लवकर दुरुस्त होऊ शकते, हा तिचा मोठा गुण आहे. तरीही एका प्रौढाच्या ताटावर आणि पेल्यावर शंभर हातांचा अधिकार चालतो असे त्यावरून सिद्ध होत नाही. पाड्यावरच्या मोहाच्या दारूला देवकार्यात आणि सोयरिकीत स्थान आहे, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या सुधारकाने तर अधिकच जपून बोलावे.

९. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही पत्ते खेळतो. तो गुन्हा आहे का, आणि असावा का?

१८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. त्याचा मुख्य रोख अड्ड्यावर, म्हणजे जागेच्या मालकाने नाल (डावातील आपला वाटा) घेऊन नफ्यासाठी चालवलेल्या जागेवर, आणि सार्वजनिक ठिकाणच्या जुगारावर आहे. मुख्यतः कौशल्याच्या खेळांना त्यातून सूट आहे, आणि रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले. घराच्या ओसरीवर भाऊबंदांनी नाल न काढता मांडलेला डाव आणि अड्डा यांत कायदाही फरक करतो. प्रत्यक्ष छाप्याच्या वेळी तो फरक किती पाळला जातो, हे वाचक आम्हाला वारंवार कळवतात.

गुन्हा असावा का? फसवणूक नसेल आणि खेळणारे प्रौढ असतील तर नसावा. राज्य सरकार १९६९ पासून स्वतःची लॉटरी चालवते, त्यामुळे नशिबावर पैसा लावणे मुळात अनैतिक आहे असे म्हणण्याचा अधिकार त्याला उरत नाही. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणे आणि त्यांची जाहिरात करणे गुन्हा ठरवले, पण खेळणाऱ्याला शिक्षा ठेवली नाही. बंदी आम्हाला पटत नसली तरी खेळणाऱ्याला गुन्हेगार न मानणे योग्य आहे.

१०. हेल्मेट न घालणाऱ्याचे डोके फुटते तेव्हा सरकारी दवाखान्याचा खर्च आम्ही भरतो. मग सक्ती का नको? आणि गुटख्याचे काय?

हा युक्तिवाद मान्य केला तर गोड खाणे, उपवास, झाडावर चढून आंबे काढणे, सगळेच सरकारच्या अखत्यारीत येते, कारण आजार आणि अपघात यांचा खर्च कोठून तरी सार्वजनिक तिजोरीपर्यंत पोहोचतोच. मदत दिली म्हणून माणसाचा ताबा मिळत नाही. त्यातूनही रस्ता सरकारी मालकीचा आहे आणि मालकाला आपल्या जागेच्या अटी घालता येतात, या कारणाने काही स्वातंत्र्यवादी हेल्मेटसक्ती सोसतात. आम्हीही तीवर फार शक्ती खर्च करत नाही. हेल्मेट मात्र प्रत्येकाने घालावे, हे आम्ही आग्रहाने सांगू.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. पानटपरीवर तो मिळतो की नाही, हे वाचकांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पाकिटावर खरी माहिती, लहान मुलांना विक्री केल्यास कडक शिक्षा आणि इतरांच्या अंगणात थुंकणाऱ्यास दंड, एवढे सरकारचे काम आहे.

११. आम्हाला सरकार नव्हे, जातपंचायत छळते. त्यावर तुमच्या विचाराकडे उत्तर आहे का?

आहे, आणि खान्देशात ते सरकारविषयीच्या उत्तरांइतकेच महत्त्वाचे आहे. मुलीने दुसऱ्या जातीत लग्न केले म्हणून कुटुंबाला वाळीत टाकणे, दंड आकारणे, किराणा बंद करणे, अंत्ययात्रेला खांदा देऊ न देणे, ही सत्ता कोणत्याही निवडणुकीतून आलेली नसते आणि तिच्या निर्णयावर अपीलही नसते. मिल यांनाही समाजाचा जुलूम सरकारच्या जुलमापेक्षा खोल जाणारा वाटत होता, कारण तो सुटकेला जागा ठेवत नाही.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. येथे स्वातंत्र्यवाद्यापुढे खरी अडचण उभी राहते. एकट्या माणसाने एकट्या माणसाशी बोलणे सोडले तर तो त्याचा अधिकार आहे. कोणाला लग्नाचे आमंत्रण द्यावे हे कायदा सांगू शकत नाही. मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कृतीविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या खटल्यात रद्द केला, तो धर्मसंस्थेच्या स्वातंत्र्याच्या नावानेच. आमच्या मते फरक संमतीत आणि धाकात शोधावा. पंच जेव्हा इतरांना ‘तुम्ही याच्याशी व्यवहार केलात तर तुम्हालाही दंड’ असे बजावतात, तेव्हा ते ज्यांना बोलायचे आहे त्यांचेही तोंड बळाने बंद करतात, आणि ती बळजबरी असल्यामुळे कायद्याने तेथे यावेच. दंड वसूल करणे तर उघड खंडणी आहे.

१२. प्रौढ मुला-मुलीने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केले तर सरकारने मध्ये पडावे का? आणि बालविवाहाचे काय?

प्रौढांच्या बाबतीत सरकारने फक्त त्यांच्या जिवाचे रक्षण करावे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात लग्नाआधी तीस दिवसांची जाहीर नोटीस द्यावी लागते. ज्या जोडप्याला स्वतःच्या भावाचीच भीती आहे, त्याचा पत्ता कचेरीच्या फलकावर लावणारी ही तरतूद काढून टाकावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बालविवाहाला हे तत्त्व लागू होत नाही, कारण संमती देण्याची क्षमता नसलेल्या मुलीच्या वतीने बाप ‘आमचा खाजगी प्रश्न’ असे म्हणतो तेव्हा तो स्वतःचे स्वातंत्र्य मागत नसून तिचे हिरावत असतो. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात टिळकांनी परकीय सरकारने सामाजिक बाबतीत ढवळाढवळ करू नये म्हणून विरोध केला आणि आगरकरांनी वयोमर्यादा दहावरून बारा करण्याला पाठिंबा दिला. वरकरणी टिळकांची भूमिका सरकारविरोधी दिसते. स्वातंत्र्याची बाजू मात्र आगरकरांची होती.

१३. शेतातील पीक आणि बियाणे ही ‘खाजगी वर्तना’त येतात का?

आमच्या मते येतात. १९७२ पासून जवळपास तीन दशके चाललेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत जळगावच्या शेतकऱ्याला आपला कापूस बऱ्हाणपुरात किंवा गुजरातमध्ये अधिक भाव असतानाही तेथे नेता येत नसे. स्वतःच्या बैलगाडीत स्वतःचा कापूस भरून नेणारा माणूस तस्कर ठरत असे. माणसाचा दिवस कशात जातो, हेच जर सरकार ठरवत असेल तर त्याच्या घरातील स्वातंत्र्यालाही फारसा अर्थ उरत नाही.

१४. स्वतःचा जीव संपवण्याचा अधिकार आहे, असे तुम्ही म्हणता का?

कर्जाने किंवा नैराश्याने खचलेल्या माणसाची त्या क्षणीची इच्छा ही मोकळ्या मनाने केलेली निवड नसते, म्हणून त्याला अडवणे, त्याच्याजवळ थांबणे आणि उपचार मिळवून देणे हे त्याच्या स्वातंत्र्याविरुद्ध नाही. अशा मनःस्थितीत कोणी वाचक असतील तर त्यांनी आजच घरच्या माणसाशी, डॉक्टरांशी किंवा १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोलावे. वाचलेल्या माणसावर खटला भरणे मात्र क्रौर्य होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरले, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचा सर्वसाधारण गुन्हा उरलेला नाही. असाध्य आजारात केवळ यंत्रांवर जगवले जाऊ नये, असे आधी लिहून ठेवणे ही वेगळी बाब आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते मान्य केले आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली.

१५. साथीच्या काळात लस आणि घरबंदी यांची सक्ती चालते का?

संसर्ग दुसऱ्यापर्यंत पोहोचतो, म्हणून प्रश्न ५ मधील कसोटीप्रमाणे येथे सरकारला काही अधिकार मिळतो. १८९७ चा साथरोग कायदा मात्र असा अधिकार जवळपास बेलगाम देतो, आणि त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली सैनिकांनी घरोघर घातलेल्या झडत्यांनी लोकांच्या मनात उपचारांविषयीच दहशत बसवली होती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये म्हटले की, कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, परंतु संसर्गाचा धोका असेल तर लस न घेतलेल्यांच्या वावरावर प्रमाणात निर्बंध घालता येतील, आणि ते निर्बंध परिस्थितीनुसार पुन्हा तपासावे लागतील. आम्हाला ही रेषा योग्य वाटते. बाधित माणसाला काही दिवस वेगळे राहायला सांगता येते. निरोगी मजुराची रोजी बंद करायची असेल तर तिची भरपाई सरकारने द्यावी, आणि आदेशावर तो संपण्याची तारीख लिहिलेली असावी.